पंचमीची ओहोटी : अक्षी ते रेवदंडा

कोकण किनाऱ्यावर पायी चालायचं ठरलं की गाडी, जेवण, मुक्काम या गोष्टी नंतरच्या. आधी तिथी बघायची. किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला पाणी पूर्ण चढणार आणि अधेमधे, सकाळी दहाच्या आसपास, पूर्ण उतरणार. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला तेवढं पुरतं. आमच्या गटातल्या बहात्तर वर्षांच्या काकांना शाळेत घोकलेली पाऊणकी अजून पाठ होती. पोरं मोबाइलवर भरतीचा तक्ता शोधत होती, तोवर काकांनी उत्तर देऊन टाकलं.

हे गणित जुळतं ते चंद्रामुळे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात पडते, पाणी ना फार चढतं ना फार उतरतं, तो भांग. अलिबागच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. किनारा जवळजवळ सपाट, त्यामुळे पाणी उतरलं की शेकडो मीटर रुंदीची ओली पुळण उघडी पडते. आम्ही ज्या पुळणीवरून चालणार होतो ती नकाशावर समुद्रात दाखवलेली असते.

म्हणून माघ वद्य पंचमी धरली. उधाण नुकतंच ओसरलेलं, थंडीतले पाहुणे पक्षी अजून मुक्कामाला, आणि ऊन सोसवेल इतपत. अक्षीपासून सुरुवात, नागाव आणि चौल करत रेवदंड्याच्या कोटात शेवट. वाटेतली वळणं धरून बाराएक किलोमीटर. गटात निवृत्त बँकवाले, दोन शिक्षिका, एक दंतवैद्य, कॉलेजची चार पोरं आणि सगळ्यात लहान नऊ वर्षांची मुलगी. पक्ष्यांची खरी जाण एका बाईंनाच होती. बाकी सगळे त्यांच्या मागून चालायला तयार होते.

साडेसातला अक्षीत पोचलो तेव्हा पुळणीवर अजून पाणी होतं. तेवढ्या वेळात गावातला शिलालेख पाहून घेतला. हा गधेगळ आहे : वर चंद्र आणि सूर्य, मधे लेख, खाली गाढव. दिलेलं दान चंद्र-सूर्य असेतोवर चालावं, ते मोडणाऱ्याला गाढवाच्या चित्रातली शिवी लागावी, असा त्याचा अर्थ. लेखात शिलाहार राजा केशिदेवाचं नाव येतं. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. शकाच्या आकड्याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण मराठीतल्या सर्वांत जुन्या कालोल्लेख असलेल्या लेखांची चर्चा निघाली की अक्षीचं नाव घ्यावंच लागतं. कॉलेजच्या पोरांनी अक्षरं लावायचा प्रयत्न केला, दोन-चार लागलीही.

गावाच्या उत्तरेला साखरची खाडी आहे. तिच्या काठच्या चिखलात तिवरांच्या श्वासमुळ्या उभ्या खिळ्यांसारख्या वर आलेल्या आणि त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. निवटी हा मासाच, पण पाणी उतरलं तरी तो चिखलावर राहतो, पुढच्या परांवर सरपटतो, ओल्या कातडीतूनही प्राणवायू घेतो. पलीकडे एक समुद्री बगळा मान आखडून उभा होता. यांच्यात काळपट आणि पांढरे असे दोन्ही रंगांचे पक्षी असतात. आमच्यासमोरचा काळपट होता, त्यामुळे ओळखायला त्रास झाला नाही.

खाडीच्या तोंडाशी होड्या लागलेल्या होत्या. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. इथल्या कोळ्यांची डोल जाळी ओहोटी-भरतीच्याच जिवावर चालते. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे आणि त्यांना निमुळत्या पिशवीसारखं जाळं बांधायचं, तोंड प्रवाहाकडे. पाणी वाहू लागलं की बोंबील, जवळा, करंदी आपोआप पिशवीत जमा होतात. प्रवाह थांबतो त्या थोड्या वेळात जाळं उचलायचं, कारण पाणी उलटं फिरलं की तोंडही फिरवावं लागतं. मासा शोधत हिंडायचं नाही, पाण्यानं तो आणून द्यायचा. या खुंटांची गाठ आम्हाला दिवसाच्या शेवटी पुन्हा पडणार होती, तीही इतिहासात.

सुरूच्या बनातून पुळणीवर उतरलो आणि समोर समुद्र बराच मागे गेलेला. उत्तरेला कुलाबा किल्ल्याची काळी रेघ दिसत होती. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ते ठाणं झालं. ओहोटीला अलिबागहून तिथे चालत जाता येतं, भरतीला तो बेट होतो.

अक्षीची पुळण पक्षी पाहणाऱ्यांत प्रसिद्ध आहे ती याच उघड्या पडणाऱ्या पट्ट्यामुळे. ओल्या वाळूत आणि गाळात किडे, शिंपले, बारीक खेकडे, अळ्या यांचं अन्न गच्च भरलेलं असतं आणि ते दिवसातून दोनदा, थोड्या तासांपुरतं, हाती लागण्यासारखं होतं. कोण काय खाणार हे चोचीच्या लांबीवर ठरलेलं. आखूड चोचीचे चिखल्या पक्षी वरवरचं टिपतात : चार पावलं धावायचं, थबकायचं, टोच मारायची, पुन्हा धावायचं. मध्यम चोचीचे तुतवार थोडं खोल जातात. कुरली नावाचा मोठा पक्षी आपली खाली वळलेली लांबलचक चोच मुळापर्यंत वाळूत घालून खेकडा ओढून काढतो. एकाच पुळणीवर शेकडो पक्षी चरतात आणि फारसं भांडण होत नाही, याचं कारण हे.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही कालवफोड्यासमोर घालवला. काळं-पांढरं अंग, लालभडक सरळ चोच, लाल डोळे. ही चोच दोन्ही बाजूंनी चपटी असते. शिंपला किंचित उघडा सापडला तर ती आत खुपसून पक्षी त्याचा स्नायूच कापतो, बंद असला तर घाव घालून फोडतो. मध्य आशिया आणि रशियाच्या अंतर्भागात वाढलेले हे पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतात. लाटेच्या अगदी कडेला सँडरलिंगचा एक थवा होता. लाट आली की सगळे मागे पळायचे, उतरली की तिच्यामागे धावायचे. हे उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालतात. नऊ वर्षांच्या मुलीनं बराच वेळ त्यांच्याबरोबर पळायचा प्रयत्न केला आणि शेवटी दमून बसली.

पाण्याजवळ कुरव बसले होते, बहुतेक तपकिरी डोक्याचे. मात्र या दिवसांत त्यांचं डोकं तपकिरी नसतं. तो रंग विणीच्या हंगामापुरता. हिवाळ्यात डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो. लडाख आणि तिबेटमधल्या उंचावरच्या तळ्यांकाठी यांची वीण होते. पर्यटक त्यांना शेव-कुरमुरे घालतात, इथले कुरव मात्र वाळूवर पडलेल्या मासळीवर खूश होते. त्यांच्यातच लाल जाडजूड चोचीचे कॅस्पियन सुरय उभे होते, इतर सुरयांच्या मानानं भलतेच दांडगे.

बाईंनी सुरुवातीलाच एक नियम घातला होता : थव्याच्या दिशेनं सरळ चालायचं नाही, कड धरून जायचं, आणि पक्ष्यांनी मान वर केली की थांबायचं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते, आणि खायला मिळणार ओहोटीचे थोडे तास. फोटोसाठी थवा उडवला की त्या तासांतला काही वेळ आणि जमवलेली काही शक्ती फुकट जाते. हे एकदा कळल्यावर गटातल्या दंतवैद्यांनी आपला कॅमेरा स्वतःहून खाली घेतला.

पक्ष्यांच्या निमित्तानं आठवण निघाली ती सालिम अलींची. याच अलिबाग तालुक्यात, उत्तरेला किहीम आहे. १९३० मध्ये नोकरी नव्हती तेव्हा सालिम अली तिथे येऊन राहिले आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवून बसले. एकच नर एकामागून एक घरटी विणतो, अर्धवट घरटं मादीला पसंत पडलं तरच ते पुरं करतो आणि मग पुढच्या घरट्याकडे वळतो, हे त्यांनी तिथे टिपलं. त्या निरीक्षणांनी त्यांचं नाव झालं. रोज तिथेच बसायचं आणि दिसेल ते लिहून काढायचं, एवढीच त्यांची सामग्री होती.

दहाच्या सुमाराला पाणी थांबलं. आता मान खाली घालून चालायची वेळ. पायांखाली वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरली होती, मधे एक बीळ आणि त्याभोवती किरणांसारख्या ओळी. हे बारीक खेकड्यांचं काम. वाळूचा कण तोंडात घ्यायचा, त्यावरचा सेंद्रिय थर चाटून पुसून घ्यायचा आणि स्वच्छ झालेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकायची. गोळी केली की तीच वाळू पुन्हा चाळण्याचा घोटाळा होत नाही. पुढची भरती सगळं सपाट करते आणि वाळूवर नवा थर आणून घालते.

मुलांनी शिंपले गोळा केले, त्यांतल्या बऱ्याच शिंपल्यांना कडेजवळ एक गोल, नीट तासलेलं भोक होतं. कुणीतरी दोरा ओवायला पाडलं असावं असं वाटावं इतकं सुबक. ते पाडणारा एक शिकारी गोगलगाय-शंख असतो. तो शिंपल्याला आवळून धरतो, जिभेवरच्या दातांनी आणि आम्लानं भोक पाडतो आणि आतला जीव खाऊन टाकतो. पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची एक वस्तू जागोजागी पडली होती. हा समुद्रफेन, माकुळाच्या अंगातला आधार. याच्या बारीक कप्प्यांतली हवा आणि पाणी कमीजास्त करून माकूळ पाण्यात वर-खाली होतो. आयुर्वेदाच्या औषधांत तो वापरतात आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांनाही चोच घासायला देतात.

अक्षीची पुळण नागावच्या पुळणीत कधी मिसळली ते कळत नाही, कानांना मात्र कळतं. नागावला पाण्यावरच्या स्कूटर, केळीच्या आकाराच्या रबरी होड्या, वाळूवर धावणाऱ्या चारचाकी मोटारी असा सगळा बाजार आहे. गावातल्या अनेकांचं पोट त्यावर चालतं, त्यामुळे नाक मुरडणं सोपं नाही. पण गाड्या पुळणीवर घालण्याचं काही समर्थन सापडत नाही. चिखल्या उघड्या वाळूत उथळ खळगा करून अंडी घालतो. ती वाळूच्याच रंगाची असतात आणि चाकाखाली गेलेली ड्रायव्हरला कळतही नाहीत. वरच्या कोरड्या पट्ट्यात जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात. चाकांनी ती तुटली की वारा आणि लाट वाळू घेऊन जातात. आणि गाडी पाण्याशी नेणाऱ्यांना पाऊणकी येत नसल्यामुळे या किनाऱ्यांवर भरतीत अडकलेल्या गाड्यांच्या बातम्याही नेमानं येतात.

नागावच्या पुढे पुळणीतून खडक डोकावू लागतात. पाणी आता चढतं होतं. कालवं काढून परतणाऱ्या एका बाईनं टोपली कमरेवर सावरत आम्हाला थांबवलं.

"पानी फिरला. आता खडकांवर जाव नका. वाडीतून जा, रामेसराकरं."

तिचं ऐकून आम्ही आत वळलो. चढत्या पाण्यात शेवाळलेले खडक निसरडे होतात आणि मागची वाट कधी बुडाली ते समजत नाही. त्यामुळे या पायवाटेतला मधला तुकडा वाडीतूनच करावा.

वाड्यांत शिरल्यावर ऊन एकदम निवलं. वर नारळ, त्याखाली पोफळी, त्यांच्यावर चढलेले पानवेल आणि मिरी, खाली केळी आणि अननस. मधून पाटाचं पाणी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ इथेच आपटलं तेव्हा या भागातल्या पोफळी हजारोंनी मोडल्या. पोफळ लावल्यापासून फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात, त्यामुळे वादळ एका दुपारचं असलं तरी त्याचा हिशेब पुढे वर्षानुवर्षं चालू राहिला. काही वाड्यांत जुन्या, उंच झाडांमध्ये कमरेएवढ्या आणि डोक्याएवढ्या पोफळींच्या रांगा आहेत, त्या त्यानंतरच्या.

जेवण एका घरगुती खानावळीत : सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी, सोलकढी. शाकाहाऱ्यांना वालाचं बिरडं. बाहेर रस्त्यावर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेणीसारख्या माळा टांगलेल्या होत्या. चवीला गोडसर, भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा याच दिवसांत निघतो. पाठीवर माळा घेऊन चालणं शहाणपणाचं नव्हे, तरी तिघांनी घेतल्याच.

चौलला रामेश्वराच्या देवळासमोर मोठी पुष्करणी आहे. देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडण्याची इथली रीत. आज चौल म्हणजे वाड्यांमध्ये विखुरलेलं शांत गाव, पण एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी इथे येऊन गेला, तो याला सैमूर म्हणतो. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी समुद्रमार्गे एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि इथून जुन्नर, बिदरकडे गेला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे.

तीनच्या सुमाराला रेवदंड्याच्या कोटात शिरलो. सगळं गाव पोर्तुगिजांच्या तटाच्या आत वसलंय. नारळांतून चालता चालता मधेच चर्चची पडकी भिंत, मधेच कमान, मधेच तोफ. सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा आता पूर्वीइतका उंच नाही, तरी लांबून दिसतो. वसई पडल्यानंतर, १७४० मध्ये, हा कोट मराठ्यांकडे आला. तटाच्या भगदाडातून खाली उतरलं की समोर समुद्र, आणि डावीकडे कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर, माथ्यावर किल्ला घेऊन समुद्रात घुसलेला. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली अजून बोलतात.

याच खाडीत मार्च १५०८ मध्ये चौलची लढाई झाली. एका बाजूला इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि त्याच्या मदतीला गुजरातचा मलिक अयाझ, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा. पोर्तुगीज जहाजं खाडीतून बाहेर निघताना लोरेन्सोचं जहाज मागे राहिलं आणि मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. प्रवाहामुळे बाकीच्यांना मदतीला मागे येता आलं नाही. जहाज बुडालं, लोरेन्सो मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगिजांचा हा पहिला मोठा पराभव. सकाळी डोल जाळ्यांचे खुंट पाहिलेल्या मुलांना ही लढाई समजावून सांगावी लागली नाही. काकांनी एवढंच विचारलं, "तिथी कोणती होती?" ते कुणाला ठाऊक नव्हतं.

भरती आता तटाखालच्या वाळूवर आली होती. सकाळचे चरणारे पक्षी पुळणीच्या उरलेल्या पट्टीवर दाटीनं उभे होते, बहुतेक एका पायावर, चोच पाठीत खुपसून. सुरूच्या शेंड्यावर एक सागरी गरुड बसला होता, पोट पांढरं, पाठ राखी. तो उडाला तसा सगळा थवा उठला आणि वळसा घालून पुन्हा तिथेच उतरला.

परतण्याआधी पोपटी ठरलेली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ आणि ओवा घालायचा, तोंड पाल्यानंच बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी एक थेंब नाही, शेंगा पाल्याच्या वाफेवर शिजतात. रायगडात थंडीचा हंगाम याशिवाय पुरा होत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं : मुंबईहून गेटवेच्या लाँचनं किंवा भाऊच्या धक्क्यावरच्या रो-रोनं मांडव्याला उतरावं, तिथून अलिबाग वीसएक किलोमीटर. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. पुण्याहून येणाऱ्यांना पेण-वडखळ मार्ग सोयीचा. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर एसटी आणि रिक्षा सहज मिळतात, त्यामुळे गाडी अक्षीला ठेवून संध्याकाळी परत येता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चतुर्थी ते षष्ठी, शुद्ध किंवा वद्य, यांतली तिथी धरली तर सकाळ पुळणीवर आणि दुपार वाडीत जाते. खडकांसाठी पकड असलेली चप्पल, टोपी आणि भरपूर पाणी हवं.

भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला हा पट्टा कायद्यानं किनारा नियमन क्षेत्राच्या पहिल्या वर्गात येतो, म्हणजे सर्वांत जपायच्या जमिनीत. प्रत्यक्षात तो मोकळं मैदान समजून वापरला जातो, कारण तिथे कुंपण नाही आणि राहणारे दिवसातून दोनदा गायब होतात. तिथे कोण राहतं याची नोंद करणं एवढं चालणाऱ्यांच्या हाती आहे. आमची यादी बाईंनी त्याच रात्री ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवली, आकड्यांसकट. एका यादीला फारशी किंमत नसते, पण त्याच पुळणीवरच्या वर्षानुवर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की थवे वाढतायत की घटतायत ते दिसतं, आणि कधी एखाद्या बांधकामाला हरकत घ्यायची वेळ आली तर हेच कागद कामी येतात. तेव्हा अक्षीला जाणाऱ्यानं दुर्बीण न्यावी, पक्षी मोजावेत आणि तो आकडा स्वतःच्या वहीत अडकवून ठेवू नये.